विद्यापीठाच्या आवारातलं वायफाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत नव्याने आलेले विद्यार्थी, संशोधक आणि शिक्षक यांच्यासाठी हे पान आहे. प्रत्येक विद्यापीठात वायफायचं नाव वेगळं, लॉगिनच्या पानाचं रूप वेगळं. पण आतली व्यवस्था बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीची असते आणि अडचणी तर हमखास त्याच येतात. घरच्या आणि कॅम्पसच्या वायफायमध्ये दोन मोठे फरक आहेत. इथली जोडणी माणसाच्या नावावर मिळते, आणि इथली हवा, म्हणजे वायफायच्या रेडिओलहरींची जागा, शेकडो जणांत वाटून घ्यावी लागते. खालची बहुतेक उत्तरं या दोन गोष्टींवर येऊन थांबतात.

प्रवेश पक्का झाला. वायफायचं लॉगिन कुठे मिळेल?

विद्यापीठाच्या संगणक केंद्रात. काही ठिकाणी त्याला नेटवर्क विभाग किंवा आयटी सेल म्हणतात. बहुतेक विद्यापीठांत पीआरएन, म्हणजे विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक, तयार झाल्याशिवाय खातं उघडत नाही, त्यामुळे प्रवेशानंतरचे काही दिवस वाट पाहावी लागते. त्या काळासाठी तात्पुरतं लॉगिन मिळतं का, हे विभागाच्या कार्यालयात विचारा. अनेक ठिकाणी मिळतं, फक्त कोणी विचारत नाही.

संलग्न महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा इथे नेहमी गोंधळ होतो. गुणपत्रिकेवर विद्यापीठाचं नाव असलं तरी विद्यापीठाच्या आवारातलं वायफाय हे आवारातल्या विभागांसाठी आणि वसतिगृहांसाठी असतं. संलग्न कॉलेजमध्ये शिकत असाल तर वायफायची जबाबदारी तुमच्या कॉलेजची.

पहिलं लॉगिन झालं की पासवर्ड लगेच बदला. सुरुवातीचा पासवर्ड अनेकदा जन्मतारीख किंवा पीआरएन यांवरून ठरवलेला असतो, आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणाऱ्या यादीत या दोन्ही गोष्टी असतात.

घरी सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड असतो. इथे प्रत्येकाला वेगळा कशाला?

एकच पासवर्ड हजार जणांना दिला तर तो आठवडाभरात गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर पोचतो. पण कारण तेवढंच नाही. घरी वापरतात त्या डब्ल्यूपीए २ पद्धतीत सगळ्यांच्या सुरक्षेचा पाया तो एक सामायिक पासवर्ड असतो. तो ज्याला माहीत आहे आणि तुमचं उपकरण जोडलं जाताना जो हवेतला संवाद टिपून ठेवतो, त्याला तुमची वाहतूक, म्हणजे तुमच्याकडून येणारी-जाणारी माहिती, उलगडता येऊ शकते. घरातल्या चार माणसांत याची चिंता नसते. वसतिगृहात असते.

म्हणून कॅम्पसवर दोन पद्धती दिसतात. पहिली लॉगिनच्या पानाची: वायफायला जोडल्यावर ब्राउझरमध्ये एक पान येतं, तिथे युजरनेम-पासवर्ड टाकायचा. दुसरी ८०२.१ एक्स नावाची. तिच्यात फोन जोडला जातानाच ओळख तपासली जाते आणि प्रत्येकाला सांकेतिक भाषेची स्वतंत्र किल्ली मिळते. दुसरी पद्धत पहिल्यांदा बसवायला किचकट, पण एकदा बसली की वर्षभर त्रास नाही. तुमच्या विद्यापीठात दोन्ही असतील तर दुसरीच घ्या.

वायफाय जोडलेलं दिसतं, पण लॉगिनचं पान येतच नाही.

संगणक केंद्राच्या खिडकीपाशी सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार ही. कारणं चार-पाचच आहेत, ती एकेक करून तपासा.

लॉगिनचं पान तुमच्यासमोर आणण्यासाठी नेटवर्क तुमच्या ब्राउझरची पहिली विनंती मधेच अडवतं आणि तिच्या जागी आपलं पान पाठवतं. साधी, असुरक्षित विनंती अशी अडवता येते. पण आज बहुतेक संकेतस्थळं एचटीटीपीएसवर, म्हणजे सांकेतिक, सुरक्षित जोडणीवर, असतात, आणि तिथे मधे कोणी आलं की ब्राउझर बरोबर ओळखतो आणि धोक्याची सूचना दाखवतो किंवा नुसतं पांढरं पान ठेवतो. म्हणजे ब्राउझर त्याचं काम चोख करत असतो. उपाय: पत्त्याच्या पट्टीत नेव्हरएसएसएल डॉट कॉम हा पत्ता टाका. हे संकेतस्थळ मुद्दाम एचटीटीपीएस न वापरता ठेवलेलं आहे, त्यामुळे त्यावर गेलात की लॉगिनचं पान पुढ्यात येतं.

तरीही आलं नाही तर अँड्रॉइड फोनमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ शोधा (डीएनएस म्हणजे संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणारी सेवा). जाहिराती अडवण्यासाठी अनेकांनी तिथे एखाद्या बाहेरच्या सेवेचं नाव टाकलेलं असतं. लॉगिन होईपर्यंत त्या सेवेपर्यंत पोचायला वाट नसते, आणि तिच्यापर्यंत पोचल्याशिवाय फोन कुठलाच पत्ता शोधत नाही. सगळं तिथेच अडतं. ते ‘ऑटोमॅटिक’ करा, लॉगिन करा, नंतर हवं तर परत बदला. व्हीपीएन (सगळी वाहतूक दुसऱ्याच सर्व्हरमार्फत नेणारी सेवा) चालू असेल तर हीच गत.

मोबाइल डेटा चालू असेल तर तोही थोडा वेळ बंद ठेवा. वायफायवर इंटरनेट नाही असं दिसलं की फोन गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतो, आणि तुम्ही उघडलेलं पान वायफायवरून जातच नाही. ‘या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवायचं का?’ असं विचारलं तर हो म्हणा.

आणि लॅपटॉपचं घड्याळ पाहा. जुन्या लॅपटॉपची आतली बॅटरी संपलेली असली की तारीख काही वर्षं मागे जाते, आणि मग संकेतस्थळांची ओळख पटवणारं एकही सुरक्षा प्रमाणपत्र वैध ठरत नाही.

काल नोंदवलेला फोन आज ‘नवीन उपकरण’ कसा झाला?

प्रत्येक वायफाय उपकरणाला मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा ओळख क्रमांक, असतो. पूर्वी तो कारखान्यातून आलेला, कायमचा असे. दुकानं आणि मॉल त्यावरून माणसांचा माग काढू लागले, म्हणून २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळाच, बनवलेला पत्ता दाखवतात. एका नेटवर्कसाठी तो साधारणपणे तोच राहतो, पण तुम्ही ‘फरगेट नेटवर्क’ करून पुन्हा जोडलंत किंवा फोन रीसेट केलात तर बदलू शकतो. ज्या विद्यापीठात मॅक पत्ता नोंदवून परवानगी मिळते तिथे मग फोन अनोळखी ठरतो.

फक्त कॅम्पसच्या नेटवर्कपुरता हा बदल बंद करा: अँड्रॉइडमध्ये त्या नेटवर्कच्या प्रायव्हसी पर्यायात ‘फोन मॅक’, आयफोनमध्ये ‘प्रायव्हेट वायफाय अ‍ॅड्रेस’ बंद. बाकी ठिकाणी तो चालूच राहू द्या, तुमच्याच फायद्याचा आहे.

एड्युरोम म्हणजे काय? ते वापरायलाच हवं का?

वापरता येत असेल तर जरूर वापरा. कॅम्पस वायफायमध्ये इतकी चांगली दुसरी कल्पना नाही, आणि आपल्याकडे तिची माहिती फार थोड्यांना आहे.

२००२ मध्ये नेदरलंड्सच्या सर्फनेट या शैक्षणिक नेटवर्कमधल्या क्लास विरेंगा यांनी एक प्रस्ताव मांडला. एका विद्यापीठाचा माणूस दुसऱ्या विद्यापीठात गेला तर त्याने तिथे नवं लॉगिन का मागावं? स्वतःच्याच संस्थेचं लॉगिन तिथेही चालावं. त्यातून एड्युरोम उभं राहिलं, आणि आज ते शंभराहून अधिक देशांत आहे. भारतात ते चालवण्याचं काम अर्नेट इंडिया या शैक्षणिक नेटवर्कच्या सरकारी संस्थेकडे आहे. ही तीच अर्नेट, जिची सुरुवात १९८६ मध्ये मुंबईची एनसीएसटी, बंगळुरूची आयआयएससी, पाच आयआयटी आणि दिल्लीतला इलेक्ट्रॉनिक्स विभाग अशा आठ ठिकाणांपासून झाली. देशातल्या सामान्य माणसाला १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमकडून इंटरनेट मिळालं. त्याच्या कितीतरी आधी ते काही मोजक्या कॅम्पसवर होतं.

एड्युरोमची रचना समजून घेण्यासारखी आहे. समजा तुम्ही पुण्यातल्या एखाद्या सहभागी संस्थेत शिकता आणि सेमिस्टरभरासाठी जर्मनीतल्या विद्यापीठात गेलात. तिथे एड्युरोम नाव दिसलं की तुमचा फोन युजरनेम पाठवतो, ज्यात अ‍ॅट चिन्हापुढे तुमच्या संस्थेचं नाव असतं. जर्मन विद्यापीठाचा सर्व्हर ते नाव पाहतो, आपला नाही म्हणून वर राष्ट्रीय सर्व्हरकडे सरकवतो, तिथून विनंती भारताच्या सर्व्हरकडे आणि तिथून तुमच्या संस्थेकडे येते. पासवर्ड तपासते ती तुमची संस्था. तो फोनपासून तुमच्या संस्थेपर्यंत सांकेतिक बोगद्यातून जातो. वाटेतल्या कोणालाही, अगदी ज्या विद्यापीठाचं वायफाय तुम्ही वापरताय त्यालाही, तो दिसत नाही. काही सेकंदांत ‘हो, हा आमचाच’ असं उत्तर परत जातं आणि जर्मनीतलं वायफाय सुरू होतं. एक पैसाही न देता.

तुमची संस्था सहभागी आहे का, हे संगणक केंद्राला विचारा. नसेल तर मागणी करा. शिक्षकांनी ही मागणी विद्या परिषदेत लावून धरण्यासारखी आहे, कारण परिषदा आणि विद्यार्थी देवाणघेवाण यांसाठी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तिचा उपयोग होतो.

एड्युरोम जोडताना फोन भलत्याच गोष्टी विचारतो. काय भरायचं?

शक्य असेल तर हाताने काही भरूच नका. ‘गेटएड्युरोम’ नावाचं अ‍ॅप आहे. त्यात आपली संस्था निवडली की सगळं आपोआप बसतं. संस्था त्या यादीत नसेल तरच पुढचं वाचा.

अँड्रॉइडवर ‘ईएपी पद्धत’ विचारली जाते. बहुतेक ठिकाणी तिथे पीईएपी आणि ‘फेज २’ मध्ये एमएसचॅप व्ही २ असतं, पण काही संस्था टीटीएलएस वापरतात, तेव्हा संस्थेची सूचना पाहा. ‘सीए प्रमाणपत्र’ या रकान्यात सिस्टिमची प्रमाणपत्रं किंवा संस्थेने दिलेलं प्रमाणपत्र. ‘डोमेन’मध्ये संस्थेच्या लॉगिन सर्व्हरचं नाव, ते संगणक केंद्र देतं. ‘आयडेंटिटी’त पूर्ण युजरनेम, अ‍ॅट चिन्हासकट. आवारात नुसतं नाव टाकूनही काही ठिकाणी चालतं आणि म्हणून मुलं तसंच ठेवतात, मग दुसऱ्या शहरात गेल्यावर जोडणी होत नाही. अ‍ॅट चिन्हापुढचा भागच नसेल तर विनंती कुठल्या संस्थेकडे पाठवायची हे समोरच्या सर्व्हरला कळणार कसं?

प्रमाणपत्राच्या रकान्यात ‘तपासू नका’ असा पर्याय अजून काही फोनमध्ये दिसतो. तो निवडला की पटकन जोडलं जातं, आणि म्हणूनच तो घातक आहे. एड्युरोम हे नाव कोणीही आपल्या राउटरला देऊ शकतं. प्रमाणपत्र तपासलं नाही तर तुमचा फोन त्या तोतया राउटरशीही बोलायला लागतो आणि पासवर्ड त्याच्या हाती लागण्याची वाट मोकळी होते. तोच पासवर्ड तुमच्या विद्यापीठाच्या ईमेलचा आणि अनेकदा परीक्षेच्या पोर्टलचाही असतो. गूगलने डिसेंबर २०२० च्या सुधारणेत अँड्रॉइड ११ मधून हा पर्याय काढायला सुरुवात केली ती याच कारणाने. वर्गातला कोणी ‘तपासू नका टाक, चालतंय’ म्हणाला तरी टाकू नका.

रात्री नऊनंतर वसतिगृहात वायफाय रांगायला लागतं. विद्यापीठ स्पीड कमी करतं का?

काही ठिकाणी प्रत्येकाला ठरावीक मर्यादा असते, पण रात्रीच्या मंदपणाचं कारण बहुधा ते नसतं.

वायफायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं. बाकीचे थांबतात. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया जातं आणि पुन्हा पाठवावं लागतं. हा प्रश्न वायरलेस नेटवर्कच्या जन्मापासूनचा आहे, आणि तो जन्मही विद्यापीठातच झाला: १९७१ मध्ये हवाई विद्यापीठाने बेटांवरच्या आपल्या केंद्रांना रेडिओलहरींनी जोडणारं अलोहानेट सुरू केलं, तेव्हाच ही टक्कर समोर आली. उपाय सुधारत गेले, पण हवा एकच आहे ही अट कायम आहे.

आता वसतिगृहाचा एक मजला डोळ्यांसमोर आणा. दोन्ही बाजूंना खोल्या, मधे व्हरांडा, व्हरांड्याच्या छताला वायफायचा सिग्नल देणारा एक अ‍ॅक्सेस पॉइंट. प्रत्येक खोलीत दोन-तीन मुलं, प्रत्येकाकडे फोन आणि लॅपटॉप. रात्री जेवून सगळे एकाच वेळी वर येतात. त्यात टोकाच्या खोलीतला फोन, ज्याला सिग्नलची जेमतेम एक काडी मिळते, तो अतिशय हळू बोलतो. जवळचं उपकरण जी माहिती क्षणात पाठवतं, तेवढ्याच माहितीसाठी टोकाचा फोन कितीतरी पट जास्त वेळ हवा अडवून ठेवतो. एस.टी.च्या घाटातल्या रस्त्यासारखं: पुढे एक भरलेला ट्रक रांगत असला की मागच्या सगळ्या गाड्या त्याच्याच गतीने चढतात.

चॅनेलही मोजके. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच धरतात: १, ६ आणि ११. भारतात हा पट्टा जानेवारी २००५ मध्ये विनापरवाना खुला झाला आणि तेव्हापासून ब्लूटूथपासून मायक्रोवेव्ह ओव्हनपर्यंत सगळ्यांनी तिथे गर्दी केली आहे. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा पुष्कळ, वेग जास्त. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो पट्टा इमारतीबाहेरच्या वापरासाठीही मोठ्या प्रमाणात मोकळा झाला. पण त्याच्या लहरी भिंतीपुढे लवकर हार मानतात. मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या राजाबाई टॉवरच्या इमारतीत किंवा पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडीतल्या मुख्य इमारतीत, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या दगडी बांधकामात, एका दालनातलं वायफाय शेजारच्या दालनात पोचवणं हे खरोखर अवघड काम आहे. अशा ठिकाणी दालनागणिक वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट लावावा लागतो, आणि वारसा इमारतीत केबल टाकायला परवानग्या लागतात.

तुम्हाला काय करता येईल? फोन कुठल्या पट्ट्यावर जोडलाय ते नेटवर्कच्या तपशिलात दिसतं. ५ गिगाहर्ट्झ मिळत असेल तर तिकडे जा. खोलीचं दार बंद असलं की, आणि ते लोखंडी असलं की विशेष, सिग्नल पडतो. टेबल दाराच्या बाजूला घ्या. खोलीत लॅनचं सॉकेट असेल तर लॅपटॉपला केबल लावा. केबलची हवेत कोणाशी टक्कर होत नाही, आणि तुम्ही केबलवर गेलात की वायफायवरच्या इतरांनाही जागा होते. मोठी डाउनलोड सकाळी सहाला करा.

तक्रार करण्याआधी एक चाचणी करा. तेच संकेतस्थळ त्याच वेळी केबलवर आणि वायफायवर उघडून पाहा. दोन्हीकडे मंद असेल तर अडचण विद्यापीठाच्या बाहेरच्या लाइनमध्ये किंवा फायरवॉलमध्ये (येणारी-जाणारी वाहतूक तपासणाऱ्या यंत्रणेत) आहे. केबलवर वेगवान आणि वायफायवर मंद असेल तर अडचण तुमच्या मजल्यावरच्या हवेत आहे, आणि विद्यापीठाने बाहेरून कितीही मोठी लाइन घेतली तरी ती सुटणार नाही. मार्च २०१० मध्ये केंद्राने ५,९९० कोटी रुपयांच्या नॅशनल नॉलेज नेटवर्कला मंजुरी दिली, आणि त्यातून अनेक संस्थांच्या दारापर्यंत गिगाबिटच्या लाइन आल्या. दारापासून खोलीपर्यंतचा प्रवास मात्र अ‍ॅक्सेस पॉइंट किती आणि कुठे लावलेत यावरच ठरतो. माझं मत स्पष्ट आहे: वसतिगृहांवरचा पैसा आधी इथे खर्च व्हायला हवा.

मग मी खोलीत स्वतःचा राउटर लावला तर?

लावू नका. नियमात बसत नाही हे एक. पण नियम बाजूला ठेवला तरी पुढचं वाचा.

घरगुती राउटरच्या मागे चार-पाच पोर्ट असतात. एक बाहेरून येणाऱ्या लाइनचं, बहुधा वेगळ्या रंगाचं, आणि बाकीची घरातल्या उपकरणांसाठी. भिंतीतली केबल चुकून या बाकीच्यांपैकी एकात गेली की राउटरला वाटतं, समोर माझंच घर आहे. तो मजल्यावरच्या प्रत्येक उपकरणाला आपल्या मनाने आयपी पत्ते (नेटवर्कवर उपकरण कुठे आहे ते सांगणारे आकडे) वाटायला लागतो. खरे पत्ते वाटणारा सर्व्हर लांब, हा जवळ, त्यामुळे याचं उत्तर आधी पोचतं. अर्ध्या तासात अख्ख्या मजल्यावर ‘जोडलेलं आहे पण इंटरनेट नाही’. तुमच्या लॅपटॉपला अचानक १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता मिळाला आणि कॅम्पसचे पत्ते एरवी १० ने सुरू होत असतील, तर मजल्यावर कोणीतरी हेच केलंय असं समजा आणि लगेच कळवा.

केबल योग्य पोर्टमध्ये असली तरी प्रत्येक खोलीतला राउटर त्याच तीन चॅनेलवर ओरडतो. फोनचा हॉटस्पॉट दिवसभर चालू ठेवणंही तसंच.

किती उपकरणं जोडता येतात? स्मार्ट टीव्ही, प्रिंटर?

बहुतेक ठिकाणी दोन किंवा तीन. स्मार्ट टीव्ही, प्रिंटर, बोलणारे स्पीकर यांतल्या अनेकांना ८०२.१ एक्स कळतच नाही. विभागासाठी प्रिंटर हवा असेल तर संगणक केंद्राकडून केबलवर घ्या.

जाड भिंतींच्या इमारतीत मोबाइलला रेंज नाही. वायफायवरून कॉल लागेल का?

लागतो. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये वायफाय कॉलिंग सुरू केलं. फोनच्या सेटिंगमध्ये ते चालू करा. आवाज सांकेतिक बोगद्यातून कंपनीकडे जातो, आणि त्यासाठी यूडीपीचे ५०० आणि ४५०० हे पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचे क्रमांक दिलेले आभासी दरवाजे, उघडे लागतात. फायरवॉलने ते बंद ठेवले असतील तर संगणक केंद्राला नेमके हे आकडे सांगा. रात्री आजारी पडलेल्या मुलीला रेक्टरना फोन लावता आला पाहिजे, एवढं कारण पुरेसं आहे.

मी काय पाहतो ते विद्यापीठाला दिसतं का?

काही दिसतं, सगळं नाही. तुम्ही कोणत्या वेळी, कुठल्या अ‍ॅक्सेस पॉइंटवरून जोडलेले होता, किती डेटा वापरला आणि साधारणपणे कुठल्या संकेतस्थळांवर गेलात, याची नोंद फायरवॉलमध्ये राहते. एचटीटीपीएसमुळे त्या संकेतस्थळावर काय वाचलंत, काय लिहिलंत ते दिसत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश दिसत नाहीत. बँकेचा पासवर्ड दिसत नाही.

एक अपवाद नीट लक्षात ठेवा. लॅपटॉपवर विद्यापीठाचं ‘रूट प्रमाणपत्र’ बसवायला सांगितलं असेल तर त्याच्या जोरावर फायरवॉलला सांकेतिक वाहतूकही उघडून तपासता येते. हे प्रमाणपत्र एड्युरोमच्या लॉगिनसाठीचं आहे की वाहतूक तपासणीसाठीचं, असं सरळ विचारा. विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

नोंदी किती दिवस ठेवतात? सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांना आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात.

मित्राकडे लॉगिन नाही. माझं देऊ का?

नका देऊ. त्याने केलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे नाव तुमचं लागतं. पोलिसांचं पत्र आलं तर संगणक केंद्र नोंद पाहून तुमचंच नाव देईल. त्यांच्याकडे दुसरं नाव नसतं. आणि दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. मित्राला संगणक केंद्रात घेऊन जा आणि त्याचं स्वतःचं खातं किंवा तात्पुरतं लॉगिन मागा.

अभ्यासाचीच संकेतस्थळं बंद असतात. काय करू?

फायरवॉल संकेतस्थळांचे गट पाडून अडवते, एकेक पाहून नाही. त्यामुळे लैंगिक आरोग्यावरचं वैद्यकीय लेखन किंवा सायबर सुरक्षेच्या अभ्यासक्रमाची साधनं भलत्याच गटात अडकतात. पूर्ण पत्ता, अभ्यासक्रमाचं नाव आणि पडद्यावरच्या सूचनेचा स्क्रीनशॉट मार्गदर्शकांच्या ईमेलवरून पाठवा. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना बाहेरच्या सर्व्हरसाठी २२ क्रमांकाचं पोर्ट लागतं. तेही विभागामार्फत मागा. व्हीपीएनने वळसा घातला तर अनेक ठिकाणी खातंच गोठवलं जातं.

कॅम्पसवर उघडणारे शोधनिबंध घरी गेल्यावर पैसे मागतात. का?

प्रकाशक तुम्हाला ओळखत नाही; तो विद्यापीठाचे आयपी पत्ते ओळखतो. तुम्ही कॅम्पसच्या वायफायवर असता तेव्हा विनंती त्या पत्त्यांवरून जाते आणि दार उघडतं. मोबाइल डेटावर गेलात की तुम्ही त्याच्यासाठी कोणीही. म्हणून ग्रंथालयात बसूनही निबंध उघडत नसेल तर आधी पाहा, फोन मोबाइल डेटावर तर नाही ना.

यात आता मोठी भर पडली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ ला ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली: २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. ती विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रामार्फत चालते आणि सरकारी उच्च शिक्षण संस्थांना लागू आहे. गडचिरोलीच्या विद्यापीठातली संशोधक विद्यार्थिनी आणि दिल्लीतला प्राध्यापक आता त्याच नियतकालिकापर्यंत पोचू शकतात. माझ्या दृष्टीने कॅम्पस वायफायचा याहून मोलाचा उपयोग नाही.

घरून वाचण्यासाठी इन्फेड ही इन्फ्लिबनेटची लॉगिन सेवा हा मार्ग आहे: प्रकाशकाच्या पानावर ‘संस्थेमार्फत लॉगिन’ निवडायचं, यादीत आपलं विद्यापीठ शोधायचं. त्यासाठीचं खातं ग्रंथालय उघडून देतं, संगणक केंद्र नाही. सुट्टीला गावी जाण्याआधी ते काम उरकून घ्या.

वसतिगृहातलं इंटरनेट रात्री बंद करता येतं का?

काही संस्थांनी केलेलं आहे. मार्च २००७ मध्ये आयआयटी मुंबईने वसतिगृहांतलं इंटरनेट रात्री ११ ते दुपारी १२.३० बंद ठेवण्याचा निर्णय घेतला होता. मुलं रात्रभर जागतात आणि सकाळी तासांना येत नाहीत, असं त्यामागचं म्हणणं होतं.

त्यानंतर कायद्याची बाजू थोडी हलली. कोझिकोडमधल्या एका कॉलेजच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा फोन वापरायला बंदी होती. ती न मानणाऱ्या विद्यार्थिनीला वसतिगृहातून काढलं गेलं. १९ सप्टेंबर २०१९ ला केरळ उच्च न्यायालयाने तिला परत घ्यायला सांगितलं, आणि इंटरनेट वापरता येणं हे शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्कात मोडतं असं म्हटलं. हा निकाल फोनबंदीबद्दलचा आहे, वायफायच्या वेळापत्रकाबद्दलचा थेट नाही, आणि महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर तो बंधनकारकही नाही. पण रेक्टरांशी बोलताना त्याचा दाखला देता येतो.

ज्या मुलीकडे महिन्याचं मोठं रिचार्ज करायला पैसे नाहीत, तिचा अभ्यास वसतिगृहाच्या वायफायवरच चालतो. रात्री ते बंद केलं की पैसेवाल्या मुलाचं काही अडत नाही, तिचं अडतं. असा निर्णय घेण्याआधी एवढा विचार व्हायलाच हवा.

परिषदेला आलेल्या पाहुण्यांचं काय?

त्यांच्याकडे एड्युरोम असेल आणि तुमच्याकडेही असेल तर काहीच करावं लागत नाही. नसेल तर आयोजक विभागाने दोन-तीन दिवस आधी नावांची आणि मोबाइल क्रमांकांची यादी देऊन तात्पुरत्या लॉगिनची कूपनं काढून घ्यायची. उद्घाटनाच्या सकाळी धावपळ करून ती मिळत नाहीत.

तक्रार कशी लिहू म्हणजे ती खरंच सोडवली जाईल?

‘वायफाय चालत नाही’ एवढं लिहिलं तर तंत्रज्ञाला काहीच करता येत नाही; तो दुपारी येतो तेव्हा ते चालू असतं. असं लिहा:

‘१२ ऑगस्ट, रात्री ९.४० ते १०.१५. वसतिगृह क्र. ३, दुसरा मजला, खोली २१४. लॅपटॉप, विंडोज ११. सिग्नल पूर्ण, ५ गिगाहर्ट्झ. आयपी पत्ता मिळाला, पण एकही पान उघडलं नाही. त्याच वेळी केबलवर व्यवस्थित चालू. शेजारच्या २१३ आणि २१५ मध्येही हीच अडचण.’

वेळेवरून तंत्रज्ञ नोंदी काढतो, खोलीवरून अ‍ॅक्सेस पॉइंट ओळखतो, आणि केबलच्या एका वाक्यावरून निम्मी शोधाशोध वाचते. ईमेलनेच पाठवा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या.

आठवडा-दोन आठवड्यांत हालचाल झाली नाही तर मजल्यावरच्या सगळ्यांनी मिळून रेक्टरांना एकत्र अर्ज द्या, प्रत विद्यार्थी विकास विभागाला. तरीही काही झालं नाही तर शासकीय विद्यापीठ माहिती अधिकार कायद्याखाली येतं. जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस. विचारा: आमच्या वसतिगृहात एकूण किती अ‍ॅक्सेस पॉइंट आहेत, त्यांतले किती चालू आहेत, देखभालीचं कंत्राट कधीपर्यंत आहे, आणि इंटरनेट शुल्क म्हणून गेल्या वर्षी विद्यार्थ्यांकडून किती रक्कम जमा झाली.